१९८९च्या एका मस्टँगसाठी सबफ्रेम कनेक्टर निवडताना

माझ्या आतेभावाने तीन वर्षांपूर्वी १९८९ची फोर्ड मस्टँग एलएक्स ५.० घेतली. हॅचबॅक, पाच गिअरची, गडद निळी. आम्ही दोघंही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरांत राहतो. तो संगणकवाला, मी गाड्यांच्या बॉडीच्या सांगाड्यावर काम करतो, आधी पुण्यात आणि आता इथे. ही गाडी जिथे तयार झाली तो डिअरबॉर्नचा कारखाना आमच्या भागापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर होता. २००४ साली तो बंद झाला, पण त्यातून निघालेल्या गाड्या इथल्या रस्त्यांवर अजून दिसतात आणि त्यांच्यावर जीव टाकणारी माणसंही.

गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षातच त्याने सस्पेन्शन बदललं. दीड इंच खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा, नवे शॉक, मागे जाडसर अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं रोखणारी दांडी, आणि सांध्यांतल्या रबरी बुशांऐवजी युरेथेनचे बुश. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून जी ऑटोक्रॉस होते तिथे तो महिन्यातून एकदा जायचा. एका रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"दादा, एवढं सगळं घातलं, पण गाडी वळणात दोन तुकड्यांत वळते रे. पुढचं धूड आधी वळतं, मग मागचं काय करायचं ते ठरवतं. आणि मागचा बार बदलला काय न बदलला काय, मला फरकच कळत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला बारबद्दल विचारायचं काही राहिलं नाही. मधलं अंग सैल असेल तर बार बदलून फरक कळणारच नाही.

गाडीखाली काय आहे

फॉक्स प्लॅटफॉर्म फोर्डने १९७८च्या फेअरमाँटसाठी आणला आणि मस्टँगने तो १९७९ ते १९९३ वापरला. त्याला वेगळी फ्रेम नाही; पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. पुढून दोन रेल निघतात, इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन धरतात, फायरवॉलखालून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीखालून येतात आणि पुढच्या सीटखाली संपतात. मागे आणखी दोन रेल आहेत. मागच्या सीटच्या पुढे, जिथे ॲक्सल धरणारे खालचे दांडे बसतात त्या टॉर्क बॉक्स नावाच्या पत्र्याच्या पेटीपाशी ते सुरू होऊन डिकीपर्यंत जातात. या दोन जोड्यांच्या मधे काय आहे? गाडीच्या जमिनीचा मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा, मधला बोगदा आणि कडेचे दोन उंबरठे. सबफ्रेम कनेक्टर म्हणजे पुढची रेल आणि मागची रेल यांना जोडणारी पोलादी नळी, प्रत्येक बाजूला एक.

१९७८ साली हे डिझाइन कमी वजनाच्या, साध्या कौटुंबिक गाडीसाठी होतं आणि त्या कामाला ते पुरेसं होतं. पुढे त्यातलं ३०२ घनइंचाचं व्ही-एट ताकदवान होत गेलं. १९८९ला त्याची अधिकृत ताकद २२५ हॉर्सपॉवर आणि ३०० पाउंड-फूट टॉर्क. गाडीचं वजन चौदाशे किलोच्या घरात. त्यात हॅचबॅकला मागे मोठं तोंड उघडं. डिकीवाल्या कूपेत मागच्या काचेखाली पत्र्याची आडवी फळी असते, हॅचमध्ये ती नाही, म्हणून तीच गाडी हॅचमध्ये जास्त लवचीक.

पिळाचं गणित सांगायला मला काडेपेटीपेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. आतला ड्रॉवर बाहेर काढा आणि दोन टोकं धरून पिळा: सहज पिळतो. कवचात सरकवा आणि मग पिळून बघा. कागद तोच, जाडी तीच, फक्त पेटी सगळ्या बाजूंनी बंद झाली. बंद पेटीचा पीळ रोखण्याचा जोर तिने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर वाढतो, उघड्या पत्र्याचा मात्र जाडीच्या घनावर चालतो, आणि मिलिमीटरचा घन म्हणजे जवळपास काहीच नाही. दारं, काचा, हॅच अशी मोठमोठी भोकं असलेली गाडी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते.

आता बारची गोष्ट. गाडी वळणात झुकते तेव्हा पुढचं आणि मागचं सस्पेन्शन तो झुकाव वाटून घेतं. कोणी किती घ्यायचा हे आपण बारच्या जाडीने ठरवतो. पण पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे हा जोर पोचवते ती बॉडी. ती स्वतःच पिळणारी स्प्रिंग असेल तर ती इतर स्प्रिंगांशी एकामागे एक जोडलेली असते, आणि अशा मालिकेत सगळ्यांत नरम स्प्रिंगच राज्य करते. मागचा बार दुप्पट कडक केला तरी मधली बॉडी नरम असेल तर वाढीव जोर बॉडी पिळण्यातच संपतो. भावाची तक्रार अक्षरशः हीच होती.

पहिली तपासणी

मी त्याला दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंतचे ड्रिलचे बिट आणायला सांगितले. दाराची फट मोजायला बिटाचा गुळगुळीत दांडा हे उत्तम माप: जो जेमतेम सरकतो ती फट. गाडी चारही चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेला, वरच्या कोपऱ्यात चार मिलिमीटरचा बिट बसला. मग गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचलली, चाकं लोंबकळत. त्याच जागी साडेसहाचा बिट आत गेला आणि खालच्या कोपऱ्यातली फट आवळली. उघडलेलं दार लावताना कुलूप खुंटीवर घासलं.

इंजिन एका टोकाला, ॲक्सल दुसऱ्या टोकाला लटकतं, मधे आधार. म्हणून गाडी धनुष्यासारखी वर फुगते. छत ताणलं जातं, तळ दाबला जातो. अडीच मिलिमीटर ऐकायला कमी वाटतं, पण हा बदल एका दाराच्या उंचीत, गाडी नुसती उचलल्याने झालेला आहे. खड्ड्यात एक चाक गेल्यावर किंवा फाटकन क्लच सोडल्यावर काय होत असेल त्याचा अंदाज यावरून येतो.

दुसरी चाचणी आणखी सोपी. ट्रॉली जॅक पुढच्या चाकामागच्या जागी लावून एक बाजू उचलायची आणि त्याच बाजूचं मागचं चाक बघायचं. पुढचं चाक जमिनीपासून पार सुटलं, वीतभर वर गेलं, तरी मागचं टायर जमिनीवर तसंच बसलेलं होतं. बॉडी कडक असती तर तेही लवकर उचललं गेलं असतं.

एक चूक, जी आधीच होऊन गेली होती

मी त्या उन्हाळ्यात चार आठवडे भारतात होतो. परत आलो तर भावाने कनेक्टर घेऊन बसवूनही टाकले होते. बोल्टने बसणारे, "वेल्डिंग लागत नाही" म्हणून. एका गॅरेजने दोन तासांत काम करून दिलं होतं. त्याच्या उत्साहाला मी दोष देणार नाही. तक्रार सुटावी म्हणूनच त्याने पैसे खर्च केले होते. पण गाडीखाली शिरून पाहिल्यावर मला वाईट वाटलं.

रेल म्हणजे आतून पोकळ, पातळ पत्र्याची पेटी. तिच्या आरपार भोक पाडून बोल्ट घातला आणि नट आवळला की पेटीच्या दोन्ही भिंती आत दबतात. आत दाब झेलणारी नळी घातली तरच बोल्ट खरोखर आवळता येतो. इथे ती नव्हती. त्यामुळे कारागिराने पत्रा चेपायला लागल्यावर हात आखडता घेतला होता, आणि बोल्ट अर्धवट घट्ट होता. शिवाय भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं लागतंच. आठशे-हजार मैलांतच मागचं डावं भोक लांबट झालं होतं आणि त्याभोवतीचा रंग धुरकट उडालेला. पत्रा घासला जातो तिथे अशी काळपट पूड दिसते.

फट पुन्हा मोजली. लिफ्टवर सहाचा बिट गेला. म्हणजे साडेसहाचे सहा. नळी अगदी मजबूत होती, तिच्यात काही खोट नव्हती. पण ज्या हालचालीला रोखायचं ती दोन-अडीच मिलिमीटरची, आणि दोन्ही टोकांच्या बोल्टांत मिळून मिलिमीटरच्या आसपास ढिलाई. नळीने काम सुरू करायच्या आधीच निम्मी हालचाल होऊन जात होती.

शिवाय ते काम गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना झालं होतं. धनुष्य झालेल्या अवस्थेत भोकं पाडली, तशीच आवळली. गाडी खाली आली तेव्हा बॉडीला परत सरळ व्हायचं होतं आणि कनेक्टर तिला अडवत होता. उजवं दार त्या दिवसापासून लावताना जोर लागत होता, आणि भाऊ समजत होता की बिजागर झिजलं.

पर्याय कोणते होते

बोल्टवाले काढायचे हे ठरलं. पुढे काय, यावर आमचे तीन-चार रविवार गेले. तो मला तऱ्हेतऱ्हेच्या जाहिराती पाठवायचा आणि मी त्याला आकडे पाठवायचो.

एक प्रकार आखूड, वेल्ड करून बसणारा: पुढच्या रेलच्या टोकापासून मागच्या रेलच्या टोकापर्यंत, फक्त मधलं अंतर भरून काढणारा. दुसरा पूर्ण लांबीचा: पुढच्या रेलच्या पोटाला बऱ्याच अंतरापर्यंत चिकटून जाणारा, मागे टॉर्क बॉक्सच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचणारा आणि मधे सीटच्या बोल्टांना आडव्या पट्टीने बांधलेला. तिसरा, जमिनीचा पत्रा कापून नळी अर्धी आत, अर्धी बाहेर बसवायचा. तिसरा सगळ्यांत कडक आणि खालून सगळ्यांत कमी लोंबणारा. पण रोजच्या वापराच्या गाडीच्या जमिनीला चार फुटांचे दोन काप मारायचे आणि मिशिगनच्या मिठाळ हिवाळ्यात त्या प्रत्येक कडेची राखण करायची, हे मला पटलं नाही. ज्यांची गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला जाते त्यांनी तो जरूर करावा.

आखूड आणि पूर्ण लांबीचा यांतला फरक लोक नळीच्या लांबीवरून मोजतात. खरा फरक टोकाला आहे. गाडी पिळते तेव्हा डावी रेल एका दिशेने वाकू पाहते, उजवी उलट दिशेने. कनेक्टर स्वतः पिळून हे थांबवत नाही, वाकायला नकार देऊन थांबवतो. आणि वाकायला नकार द्यायचा तर त्याची दोन्ही टोकं घट्ट धरलेली हवीत, नुसती टेकलेली नव्हेत. आखूड कनेक्टरचं टोक रेलच्या टोकाला, जिथे रेल सगळ्यांत पातळ आणि अशक्त होते, तिथेच दोन-तीन इंच वेल्ड होतं. तो पत्रा कागदासारखा दुमडत राहतो. पूर्ण लांबीचा कनेक्टर रेलला फूटभर तरी चिकटतो, म्हणजे जोर पसरून जातो.

सीटच्या आडव्या पट्ट्यांचंही तसंच. जुन्या बाजेच्या नुसत्या दोन लांब पाट्या धरून हलवल्या तर त्या वेड्यावाकड्या हलतात. आडवी ठोकली की बाज उभी राहते. मधल्या आधाराने नळीची मोकळी लांबी निम्मी होते, आणि मध्यावर भार असलेल्या तुळईचा झोल लांबीच्या घनावर चालतो, म्हणजे निम्म्या लांबीला एक अष्टमांश. प्रत्यक्ष गाडीत सगळं एवढं स्वच्छ नसतं, पण दिशा हीच. मागाहून त्या पट्टीचा आणखी एक उपयोग दिसला: चालकाची सीट आधी जोरात ब्रेक लावल्यावर किंचित डुलायची, ते थांबलं.

नळीच्या जाडीवर भाऊ अडून बसला होता. "तीन मिलिमीटरची घेऊ, दादा. जाड ती मजबूत." मी त्याला तीन नळ्यांचं गणित करून दिलं. दीड इंच चौरस, तीन मिलिमीटर जाड भिंतीची नळी: वाकण्याला विरोध करणारा क्षेत्र-आघूर्ण सुमारे ८.७ सेंमी चतुर्घात, वजन मीटरला ३.३ किलो. दोन इंच चौरस, पण भिंत २.१ मिलिमीटरचीच: १६.२, वजन ३.२ किलो. दोन इंच आणि भिंत तीनची: २१.९, वजन ४.५ किलो. पहिल्या दोघींकडे बघा. दुसरी हलकी आहे, भिंत पातळ आहे, आणि तरीही जवळपास दुप्पट कडक. पोलाद मध्यापासून जितकं दूर नेलं तितकं ते जास्त कामाला येतं.

मग तिसरी का नको? कारण तिला ज्या रेलला जोडायचं ती पातळ आहे. तीन मिलिमीटर वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात रेलचा जुना पत्रा जळून भोक पडतं, आणि ते टाळायला वेल्डर हात हलका ठेवतो, मग नळीच्या बाजूला वेल्ड नीट मुरतच नाही. २.१ची भिंत रेलच्या पत्र्याशी जास्त जुळते. जोड चांगला येतो. इथे जोड चांगला येणं हेच सगळं आहे.

त्याच रविवारी त्याने क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाच्या नळीची जाहिरात पाठवली, दीडपट किमतीची. क्रोमोली तुटायला जास्त जोर लागतो हे खरं, म्हणून रोल केजला, गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याला, तिचं महत्त्व. पण लवचीकतेचा गुणांक सगळ्या पोलादांचा सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. एकाच मापाची साधी नळी आणि क्रोमोली नळी सारखीच वाकतात. आपल्याला नळी तुटण्याची भीती नव्हती, वाकण्याची होती. ते पैसे आम्ही नीट प्रायमर आणि पोकळीत मारायच्या मेणावर खर्च केले.

दोन इंची नळी दीड इंचीपेक्षा अर्धा इंच खाली लोंबते, हा एकच खरा आक्षेप होता. गाडी आधीच दीड इंच बसवलेली. जमिनीवर आडवं पडून आम्ही फूटपट्टीने मोजलं: गाडीत सगळ्यांत खाली एच-पाइप, म्हणजे एक्झॉस्टच्या दोन नळ्या जोडणारा भाग आहे, कनेक्टर त्याच्या वरच राहत होता. वेगरोधकावर आधी घासायचा तो एच-पाइपच घासणार.

सगळं मिळून कनेक्टर, पट्ट्या आणि प्लेटा धरून तेरा-चौदा किलो वाढणार होते. गाडीच्या वजनाच्या एक टक्का, आणि तोही जमिनीजवळ, दोन्ही ॲक्सलच्या मधे. याहून चांगल्या जागी वजन घालता येत नाही.

हे सगळं फॉक्स मस्टँगबद्दल आहे, हे लक्षात घ्या. पहिल्या पिढीच्या कॅमारोत, १९६७ ते १९६९, पुढची अख्खी सबफ्रेम वेगळी असते आणि बॉडीला रबरी माउंटांवर बोल्टने बसते. तिथे रबर तसंच ठेवून कनेक्टर लावले तर रबराची हालचाल कनेक्टरच्या जोडावर येते, म्हणून आधी ते माउंट पक्क्या धातूचे करायचे का हे ठरवावं लागतं. पुण्याचे मित्र विचारतात की त्यांच्या नव्या हॅचबॅकला असं काही करावं का. नको. त्या गाड्यांचे रेल आधीपासूनच सलग असतात, आणि भारतात मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात असा बदल करू देत नाही. इथेही ऑटोक्रॉसच्या मूळ-गाडी वर्गांत कनेक्टर लावलेली गाडी बसत नाही. भावाला वर्ग बदलावा लागला आणि तो त्याने आधीच मान्य केला होता.

वेल्डिंगचे दोन शनिवार

काम आमच्या ओळखीच्या एका निवृत्त वेल्डरकाकांकडे केलं. त्यांच्या गॅरेजात चार खांबांची लिफ्ट आहे, जिच्यावर गाडी चढवून उचलता येते आणि चाकांवरचा भार तसाच राहतो. माझी एकच अट होती ती हीच.

पहिला शनिवार नुसता तयारीत गेला. बॅटरी काढली, उजव्या पायाजवळच्या पॅनेलमागे असलेला इंजिनचा कॉम्प्युटर सोडवला. सीट, गालिचा बाहेर. गालिच्याखाली आवाज दाबायला चिकटवलेले डांबरी थर असतात. खालून वेल्ड मारला की वर ते पेटतात. काकांनी सुक्या बर्फाची पिशवी आणून ठेवली होती. बर्फ दहा मिनिटं पसरायचा, थर काचेसारखा कडक होतो, मग लाकडी हातोडीने टकटक केलं की तडे जाऊन ढलपे निघतात. भावाने तासाभरात दोन्ही बाजू लख्ख केल्या. मग इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकच्या केबल सोडवून बाजूला बांधल्या.

मग मी स्क्रूड्रायव्हरने रेल ठोकत गेलो. खण्‌, खण्‌, खण्‌, आणि डाव्या मागच्या रेलच्या तोंडाशी, टॉर्क बॉक्सच्या पुढे, एकदम भद्द. टोक आत गेलं. बोल्टवाल्या कनेक्टरचं लांबट झालेलं भोक तिथून दोन इंचांवर होतं. तिथून मिठाचं पाणी आत शिरलं होतं. तळहाताएवढा तुकडा कापून नवा पत्रा बसवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. गंजक्या पत्र्यावरचा वेल्ड दिसायला वेल्ड असतो, धरत काही नाही. जुनी भोकंही भरली. त्यात तो दिवस संपला.

दुसऱ्या शनिवारी कनेक्टर लावले. जागा ग्राइंडरने चकचकीत केली, क्लॅम्पने नळी रेलला आवळली, आधी चार कोपऱ्यांना टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके मारले. तिथे थांबून दोन्ही दारांच्या फटी मोजल्या: चार आणि चार. दार दोनदा उघडलं, लावलं. मगच काका पुढे गेले. ०.०३० इंची तार, पाऊण भाग आर्गॉन आणि पाव भाग कार्बन डायऑक्साइडचा गॅस. एकेक इंचाचा टाका, मग जागा सोडून पुढचा, मग दुसऱ्या बाजूच्या रेलवर. सलग शिवण घातली तर आक्रसून रेल ओढली जाते आणि जी सरळ गाडी आपण चाकांवर उभी करून मिळवली तीच वाकडी होते. दोन टाक्यांच्या मधे ते हातमोजा काढून पत्र्याला बोट लावायचे. चटका बसला की थांबायचे. मी आत, ओलं फडकं आणि अग्निशामक घेऊन बसलो होतो. दोनदा जमिनीच्या रंगाने धूर सोडला, फडकं टेकवलं, विझला.

संध्याकाळी जोडांवर झिंकचा प्रायमर, कडांना सीलर, वरून रंग, आणि नळीच्या पोटात लांब नळकांड्याने मेण.

नंतर

दोन खांबांच्या लिफ्टवरची तीच चाचणी, तेच बिट. आधी साडेसहा, बोल्टवाल्यांसह सहा, आता साडेचारचा बिट घट्ट बसला आणि पाचचा गेला नाही. जॅक लावला तर पुढचं टायर सुटल्यावर थोड्याच वेळात मागचंही सुटलं. भाऊ गुडघ्यावर बसून टायरखालून कागद सरकवून बघत होता. "दादा, सुटलं!" असं तो इतक्या जोरात ओरडला की काका घरातून बाहेर आले.

रस्त्यावरचा पहिला बदल मी अपेक्षिला नव्हता तेवढा ठळक होता: गाडी जास्त आरामशीर झाली. इथे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि सिमेंटचे सांधे वर-खाली होतात. आधी प्रत्येक सांध्यावर धक्क्यानंतर एक थरथर यायची, डॅशबोर्डपासून हॅचपर्यंत. ती गेली, कारण आता हालचाल स्प्रिंग आणि शॉक करतात, ते ज्यासाठी आहेत ते. हॅचची कुरकुर मात्र पूर्ण गेली नाही. ती निम्मी बॉडीची होती आणि निम्मी हॅचच्या रबरी ठोकळ्यांची. ठोकळे दोन आटे बाहेर काढल्यावर थांबली. कनेक्टरवर सगळंच ढकलू नये. झिजलेला बुश झिजलेलाच राहतो.

आणि बार. पुढच्या ऑटोक्रॉसला त्याने मुद्दाम जुना, बारीक मागचा बार सोबत नेला. सकाळी जाड बारवर तीन फेऱ्या, जेवणाच्या सुट्टीत बदलून दुपारी बारीक बारवर तीन. फरक कळला, स्पष्ट. जाड बारवर मागचं टोक वळणातून निघताना सुटत होतं, बारीकवर गाडी धरून राहत होती. ज्या बारला त्याने वर्षभर नावं ठेवली होती, तोच आता त्याच्या गाडीला जास्त होत होता. बारीक बार तसाच राहू दिला.

एक काम शिल्लक आहे. मधलं अंग पक्कं झालं की ॲक्सलचा सगळा जोर सरळ टॉर्क बॉक्सवर येतो, आणि फॉक्स गाड्यांचे टॉर्क बॉक्स स्पॉट वेल्डवर, म्हणजे ठिपक्यांसारख्या सुट्या सुट्या वेल्डवर उभे असतात. जोरात सुटणाऱ्या गाड्यांत ते उसवतात. ऑक्टोबरमध्ये गाडी हिवाळ्यासाठी झाकायच्या आधी आम्ही मागची सीट काढून पाहिलं. डाव्या वरच्या बॉक्सच्या एका स्पॉट वेल्डपाशी रंगात केसाएवढी रेघ आहे. रेघेच्या दोन्ही टोकांना मार्करने खूण करून शेजारी तारीख लिहिली आहे. मजबुतीच्या प्लेटा येऊन पडल्या आहेत, काकांनी एप्रिलमधला पहिला शनिवार दिला आहे, आणि भावाला तोवर क्लच अलगद सोडायला सांगितलं आहे.